थंड गाडीतला उष्माघात

१

कॅरॅव्हॅनचं, चाकांवरच्या त्या छोट्या घराचं, दार उघडलं तेव्हा आतल्या गार हवेचा झोत ऋषीच्या तोंडावर आला आणि त्याला फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज त्याला नंतर जाळत राहिली. निवृत्त वायरमन वली आतारला त्याने पुढे सांगितलं ते हेच. बाहेर वैशाखातलं ऊन, पावणेचार वाजत आले तरी गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. आत ए.सी. चोविसावर घुमत होता, सकाळी अकराला तो लावून गेला होता तसाच. आणि दाराच्या फटीला नाक लावून जिलबी मरून पडली होती.

जिलबी म्हणजे सोनेरी केसांची सात वर्षांची कुत्री. दुसरा शेरू, पुण्यात रस्त्यावरून उचलून आणलेला. तो बाकड्याखाली आडवा पडून धापा टाकत होता. पाण्याची दोन्ही भांडी चाटून कोरडी केलेली होती.

हे घडलं ती जागा बोरी बुद्रुकच्या शिवारातली, कुकडीच्या काठची. अमृताताईंनी तिथे कॅम्पिंगचा धंदा थाटला आहे. पुण्या-मुंबईची माणसं येतात, तंबू ठोकतात, पिठलं-भाकरी खातात, बिबट्या दिसेल का म्हणून विचारतात आणि तो न दिसल्याबद्दल हळहळत सुखरूप घरी जातात. त्याच वेळी नदीच्या दुसऱ्या काठाला, नवनाथच्या मळ्यात, वली आंब्याखाली बाजेवर बसून चहाचा दुसरा कप संपवत होता.

वली चौतीस वर्षं वायरमन होता. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी खांबांनी त्याला सोडलं नव्हतं. मोटर जळो, तार तुटो, लोक आधी वलीला फोन लावत. उपकेंद्रातली नवी पोरंही त्याचा शब्द खाली पडू देत नसत. 'दिवा जातो तिथं फॉल्ट नसतो, फॉल्ट मागं कुठंतरी असतो,' हे त्याचं ठरलेलं वाक्य. आजही नवनाथच्या विहिरीजवळच्या खांबावर तार सैल झाली होती, ती तो आवळून आला होता. नवनाथच्या घरी मासवडी होती, आणि मासवडी-भाकरी खाऊन आंब्याखाली ज्याचा डोळा लागत नाही त्याने डॉक्टर गाठावा, असं वलीचं मत होतं. झोप लागता लागता त्याला पलीकडच्या काठावर कुत्री भुंकताना ऐकू आली होती. उसात बिबट्या आला असंल, असं मनात येऊन तो कुशीवर वळला होता.

फोन वाजला. मुलीचा होता. नसीम जुन्नरला जनावरांची डॉक्टर, आणि आज बोरीतच लसीकरणाला आलेली.

"अब्बा, कुठं आहात?"

"नवनाथच्या मळ्यात."

"मग पलीकडं या, अमृताताईंकडं. एक कुत्री उष्म्याने गेलीय. दुसऱ्याला एकशे सात ताप आहे. आणि मालक म्हणतो, ए.सी. सकाळपासून चालू होता. माझं थर्मामीटर खोटं बोलत नाही, आणि मालकही खोटं बोलत असावा असं वाटत नाही."

"मग कोण बोलतंय खोटं?"

"ए.सी.," नसीम म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला बोलावतेय."

२

नवनाथने मोटरसायकलवरून बंधारा ओलांडून वलीला कॅम्पवर सोडलं आणि तो माघारी गेला.

कडुनिंबाखाली शेरूला ओल्या गोणपाटावर निजवलं होतं. नसीम त्याच्या पोटावर पाणी घालत होती आणि पुठ्ठ्याने वारा घालत होती. जिलबीवर कुणीतरी सतरंजी टाकली होती. तिच्याशेजारी ऋषी मातीत बसला होता. चाळिशीचा माणूस, अंगात जरीच्या काठाचा झब्बा, कारण तो मंचरच्या पलीकडे चुलतबहिणीच्या साखरपुड्याला गेला होता. मोटारीने कॅरॅव्हॅन ओढत आदल्या दिवशीच इथवर आणायची, इथे उभी करायची आणि मोटार सोडवून साखरपुड्याला जाऊन यायचं, असा त्याचा बेत होता.

"एकपर्यंत येतो म्हणून गेलो होतो," तो म्हणाला. "मंचरला ट्रॅफिक लागलं. तुम्हाला माहीतच आहे मंचरचं ट्रॅफिक. तासन्‌तास हलत नाही."

"माहितीये की," वली म्हणाला.

"माझ्या बायकोची होती ही. ती आजारी असताना हिने पलंग सोडला नव्हता. बायको गेली, त्यानंतर आम्ही तिघंच." मग त्याचा आवाज बदलला. "आणि हिला या माणसाने मारलं."

तो माणूस गोरख. कडुनिंबापासून दहा पावलांवर, डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा होता. पन्नाशीचा, वाळलेल्या शेंगेसारखा. अकरा वर्षं तो अमृताताईंची जागा सांभाळत होता आणि पहाटे गावातल्या चार गोठ्यांत धारा काढायला जात होता.

आदल्या संध्याकाळी शेरूने गोरखच्या दोन कोंबड्या मारल्या होत्या. गोरखने तेव्हा रागाच्या भरात "एक दिस तडफडून मरतील" असं तोंड टाकलं होतं, आणि ते ऋषीने ऐकलं होतं. त्यावर ऋषीनेही "माझ्या गाडीला हात लावायचा नाही" म्हणून त्याला चार माणसांत झापलं होतं. आणि आज कॅरॅव्हॅनच्या आत, खिडकीखाली, भाकरीचा तुकडा सापडला होता. ऋषी तो देऊन गेला नव्हता.

"विष आहे त्यात," ऋषी म्हणाला. "मी चौकीला फोन केलाय. सातपर्यंत माणूस येतोय."

"विषाचं लक्षण नाहीये," नसीम शांतपणे म्हणाली. "मी तीनदा सांगितलंय."

"मग गार गाडीत उष्माघात कसा होतो, डॉक्टर? ते सांगा."

नसीमने वडिलांकडे बघितलं. गोरखनेही बघितलं. कुत्र्याला विष घातलं म्हणून एकदा नाव पडलं की गावात कोण त्याला आपल्या गोठ्यात म्हशीजवळ बसू देणार होतं? पोलिसांचं पुढे काय व्हायचं ते होवो, सात वाजता जीप दारात लागली की गोरखचं गावातलं नाव संपणार होतं.

"वलीभाई," तो म्हणाला, "म्या इख घातलं न्हाई." एवढंच बोलून त्याने मान खाली घातली. वलीला वाटलं, याच्या जिभेवर आणखी काहीतरी आहे आणि ते तो गिळतोय.

३

सगळ्यात उघड गोष्ट आधी विचारावी म्हणून वलीने अमृताताईंना विचारलं, "आज लाईट गेली होती का?"

"छे. दिवसभर पंखा चालू होता माझ्या डोक्यावर. फ्रीज चालू होता. मी हापिसातच बसले होते."

अमृताताई पंचेचाळिशीच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी वलीला बोर्ड दाखवला. ऑफिसच्या मागच्या, बाहेरच्या भिंतीवर सॉकेट, त्यात कॅरॅव्हॅनची पिवळी वायर खोचलेली. वायर फरशीवरून, मग वाळलेल्या गवतावरून सरळ गाडीपर्यंत गेलेली. वीस पावलांचं अंतर.

वलीला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं का वाटलं हेही त्याला कळत होतं. या भागात विजेच्या दोन लाईनी. एक गावठाणची, घरांची, ती सहसा जात नाही. दुसरी शेतीची, थ्री फेज, ती कधी दिवसा आठ तास, कधी रात्री आठ तास, पाळीने येते. या आठवड्यात दिवसाची पाळी, आठ ते चार. आज नवनाथच्या खांबावर चढण्याआधी वलीने उपकेंद्रात फोन करून शेतीची लाईन बंद करायला लावली होती. बारा दहाला बंद, आणि तीनला त्याने पुन्हा फोन केल्यावर चालू. ही लाईन नदीच्या दोन्ही काठांना होती. पण गाडी गावठाणच्या लाईनवर होती. म्हणजे त्या बंदीचा इथे काही संबंध नव्हता.

"सकाळी थोडं ट्रिप होत होतं मात्र," अमृताताई म्हणाल्या. "ए.सी., फ्रीज, वर स्वयंपाकाच्या सारजाबाईंचा मिक्सर. दोनदा खटका पडला. मग आपोआप थांबलं."

"आपोआप?"

"हो. साडेअकरानंतर एकदाही नाही पडला."

वलीने मान हलवली. चौतीस वर्षांत आपोआप दुरुस्त झालेला फॉल्ट त्याने पाहिला नव्हता.

सारजाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी बसल्या होत्या. सत्तरीच्या बाई, भाकरी थापून तळवे पांढरे झालेले. वलीने काही विचारायच्या आधीच त्या रडायला लागल्या.

"भाकर म्या दिली. इख कशाचं घालू रं बाबा? खिडकीतनं त्वांड बाहेर काढून बगत व्हती ती पिवळी. म्हणलं, परक्या जाग्याला आलीया, खा चतकोर."

"कधी?"

"साडेअकरा झालं असतील. खिडकी चार बोटं उघडी व्हती. भाकर दिली आन् खिडकी सरकवून घट बसवली. आत येवढी गार हवा, सगळी वाया चालली व्हती."

खिडकी सांभाळून उघडी ठेवली ती ऋषीने, आणि बंद केली ती मायेने.

"भुंकली का नंतर?"

"भुकली की. साडेबाराच्या पुढं लई भुकली, एकदम येड्यावानी. दार खरवडायची बी. म्या म्हणलं, उसात आला मुडदा बिबट्या." त्यांनी पदराने डोळे पुसले. "मागल्या म्हयन्यात भर दुपारी साळुबाईच्या दारातलं कुत्रं उचललं त्यानं. म्या दार लावून घेतलं. अमृताला बी वरडून सांगितलं, बाहेर निगू नकोस. मग दीड-दोनला भुकायची थांबली. म्या म्हणलं, बरं झालं, गेला वाटतं."

इथे कुत्रं भुंकलं की माणसं घरात जातात. पुण्याचा माणूस बाहेर आला असता.

पण गार गाडीत कुत्री दार का खरवडत होती, ते अजून कळलं नव्हतं.

४

पाच वाजायला पाच कमी होते तेव्हा वली कॅरॅव्हॅनमध्ये शिरला. बाकडं, छोटा ओटा, ओट्यावर मायक्रोवेव्ह. दाराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, नखांनी रंग उडालेला. त्याने तिकडे जास्त वेळ बघितलं नाही.

मायक्रोवेव्हवर हिरवे आकडे होते. एक वाजून शून्य मिनिटं.

"याचं घड्याळ मागं आहे का?" त्याने दारातून विचारलं.

"ते लावलेलंच नाही कधी," ऋषी म्हणाला. "वायर काढून परत लावली की शून्यापासून मोजायला लागतं. मी लक्ष देत नाही."

वलीने मनगटावरचं घड्याळ बघितलं. चार पंचावन्न वजा एक तास. तीन पंचावन्न.

"तुम्ही दार उघडलंत पावणेचारला. त्यानंतर वायरला हात लावलात?"

"मी? मी शेरूला ए.सी.समोर धरून बसलो होतो. डॉक्टर येईपर्यंत."

"ए.सी. मधे बंद पडला?"

ऋषी विचार करायला लागला. "पडला. एक-दोन मिनिटं. मग परत सुरू झाला. मला तेव्हा..." त्याने वाक्य सोडून दिलं.

अमृताताईंचा पंखा दिवसभर थांबला नव्हता. म्हणजे लाईट गेली नव्हती. तीन पंचावन्नला कुणीतरी वायर काढून पुन्हा लावली होती, आणि तीही जिलबी मेलेली सापडल्यानंतर. कुत्री मेल्यावर वायर हलवून कुणाचा काय फायदा?

वली खाली उतरला आणि वायरच्या कडेने चालू लागला. मग उकिडवा बसला. पिवळ्या वायरला मधल्या सात-आठ हातांवर चिखल लागला होता, अजून पुरता न सुकलेला काळा चिखल. फरशीवर चिखल नव्हता. गवत तर इतकं वाळलेलं की पायाखाली चुरत होतं. सबंध जागेत ओल होती ती एकाच ठिकाणी, उलट्या बाजूला, कॅरॅव्हॅन आणि मोटरच्या खोलीच्या मधून वाहणाऱ्या उसाच्या पाटात.

मोटरची खोली. तिथे शेतीची लाईन.

वली उठला. गाडी गावठाणच्या लाईनवर होती, असं त्याने स्वतःला सांगून बघितलं. पण त्याच्या डोळ्यांपुढे एक आकडा आला होता, बारा दहा, आणि तो काही केल्या हलत नव्हता.

५

त्याने गोरखला चारचौघांत विचारलं नाही. उसाच्या बांधावर घेऊन गेला.

"गोरख, वायर मोटरच्या बोर्डावर तू लावली होतीस."

गोरखने उसाकडे तोंड फिरवलं.

"खटका पडत व्हता सारखा," तो म्हणाला. "एशी बंद पडायचा. म्हणलं, मुकी जनावरं हायेत आत. कोंबड्यांचा राग कालचा कालच गेला, वलीभाई. थ्री फेजची लाईन दणकट, चारपतोर हाय. पावणेबाराला तिकडं लावली. थंड चाललाय बगून मग आळेफाट्याला गेलो किराणा आणाया."

"सांगितलं का नाहीस?"

"शेतीची लाईन पावण्यांच्या गाडीला वापरली म्हणून कळलं तर ताईंचं कनेक्शन तोडत्यात. ऊस जळंल समदा. ताईंना ठावं बी न्हाई."

"आणि चारच्या आधी परत इकडं लावलीस."

"चारला लाईन जाणार. शेरू जिता व्हता, एशीम्होरं. तो बंद पडाया नको म्हणून पळत जाऊन बदलली." त्याने वलीकडे बघितलं. "पर लाईन काय गेली न्हाई, वलीभाई. सव्वातीनला आलो तवा मोटर चालू व्हती, एशी चालू व्हता. मग ती मेली कशानं?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. वलीला वाटलं, हे माहीत नसलेलंच बरं होतं. पण सात वाजायला दीड तास राहिला होता.

"सकाळी पाणी कुठं सोडलं होतंस?"

"या वावरात. आठला."

"मोटरला ऑटो आहे?"

"हाय की. लाईन आली की आपसूक चालू."

"एक सरी भरायला किती वेळ?"

"अर्धा तास. फोडलेल्या हायेत समद्या, एक भरली की पाणी आपसूक म्होरच्या सरीत जातं."

"मग आठ ते चार मोटर चालली, तर किती सऱ्या भरायला पाहिजेत?"

"सोळा," गोरख म्हणाला, कारण हे हिशेब त्याच्या रक्तातच होते.

"मोज."

गोरख बांधावरून चालत गेला. ओल्या सऱ्या काळ्या दिसत होत्या, कोरड्या राखी. दहाव्या सरीच्या पुढे माती फुफाट्यासारखी होती. तो तिथे उभा राहिला, परत मागे आला, पुन्हा मोजल्या. मग बांधावरच खाली बसला.

"सहा कमी हायेत."

"तीन तास," वली म्हणाला.

"म्हंजी लाईन गेली व्हती. म्या तिकडं लावली आन् लाईन गेली." गोरखने टोपी तोंडावर दाबली. "म्हंजी म्याच मारली की वं तिला."

कडुनिंबाखाली येऊन वलीने सगळ्यांना सगळं सांगितलं, एकेक करून, फॉल्ट शोधून झाल्यावर शेतकऱ्याला सांगत असे तसं. भाकरी सारजाबाईंची. खिडकी त्यांनीच लावली, गार हवा जाऊ नये म्हणून. वायर गोरखने बदलली, ए.सी. बंद पडू नये म्हणून. बारा दहाला शेतीची लाईन गेली. पत्र्याची गाडी, चारी बाजूंनी बंद, वर ऊन. कुत्री भुंकली, पण इथे भुंकण्याचा अर्थ बिबट्या, म्हणून कुणी बाहेर आलं नाही. तीनला लाईन आली, ए.सी. आपोआप सुरू झाला, आणि पावणेचारपर्यंत गाडी पुन्हा गार झाली. मग चारला लाईन जाणार म्हणून, शेरूसाठी, गोरखने वायर परत इकडे आणली.

"लाईन नेमकी आजच कशी गेली?" अमृताताईंनी विचारलं.

वलीने पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं. "मी बंद करायला लावली होती. नवनाथच्या खांबावर काम होतं."

सारजाबाईच आधी म्हणाल्या, "तुजा काय दोष रं बाबा? तू तुजं काम केलंस." आणि ऋषीनेही मान हलवली. "तुम्हाला कुठून माहीत असणार," तो म्हणाला. त्याने खिशातून फोन काढला, चौकीला लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. गोरखकडे बघून त्याने हात जोडले. गोरखने ते पाहिलं नाही. तो फावडं आणायला वळला होता.

वलीला माफी मिळाली होती. इतक्या सहज मिळाली की ती हातात धरवेना.

६

साडेसहाच्या सुमारास नसीमच्या गाडीतून बापलेक निघाले. शेरू आता मान उचलत होता, दोन घोट पाणी प्यायला होता. वलीची मोपेड नवनाथच्या मळ्यात होती, तिथवर ती त्याला सोडणार होती.

बंधाऱ्यावर गाडी आली तेव्हा नसीमने विचारलं, "अब्बा, खांबावरचं काम मोठं होतं का?"

"तार सैल होती."

नसीम गाडी चालवत राहिली. पाणी खाली तळाला गेलं होतं, मधल्या खडकांवर बगळे बसले होते.

"मी मगाशी बोलले नाही," ती म्हणाली. "पण जिलबी दोनच्या सुमाराला गेली असणार. सारजाबाई म्हणतात तेव्हाच. अशा वेळी शेवटचा अर्धा तास फार असतो. एक-दीडपर्यंत हवा मिळाली असती तर..." ती थांबली. "काम किती वाजता संपलं होतं?"

वलीने खिडकीबाहेर बघितलं. समोरच नवनाथचा आंबा दिसत होता, आणि त्याखालची बाज.

"एकला," तो म्हणाला.

नसीमने गाडीचा वेग कमी केला.

"एकला खाली उतरलो. नवनाथ म्हणाला, आधी जेवून घ्या, ताट वाढलंय. म्हटलं, लाईन सोडायचा फोन काय, जेवून करतो. जेवलो, आणि जरा आडवा झालो." त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "चौतीस वर्षांत कधी असं केलं नाही. खांबावरून उतरलो की पहिला फोन उपकेंद्राला. माझ्या हाताखालच्या पोरांना यावरून शिव्या घातल्यात मी."

"तुम्हाला माहीत नव्हतं, अब्बा."

"भुंकणं ऐकलं होतं मी."

गाडी बंधारा उतरली. आंब्यापाशी नसीमने ब्रेक लावला, पण वली उतरला नाही.

"गाडी वळव," तो म्हणाला.

"आता कशाला? ऋषीने तर तक्रार मागे घेतली."

"गोरख तिथं बसलाय. त्याला वाटतंय, त्याने मारलं."

परत पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. उसाच्या कडेला, करंजाखाली, जिलबीला पुरलं होतं. रानातल्या जनावराने उकरून काढू नये म्हणून गोरख वर बाभळीच्या काट्या रचत होता. ऋषी जरीचा झब्बा मळवून शेजारी बसला होता, शेरूचं डोकं मांडीवर घेऊन. सारजाबाईंनी आणून ठेवलेला चहा दोघांनीही घेतलेला नव्हता.

वली जवळ गेला. बसला नाही.

"गोरख, मगाशी मी एक गोष्ट अर्धी सांगितली. काम एकलाच संपलं होतं. एक ते तीन लाईन कामासाठी बंद नव्हती. मी जेवून झोपलो होतो."

गोरखचा हात काटीवर थांबला.

"भुकल्याली ऐकलीत का तुमी?" त्याने विचारलं.

"ऐकली."

शेरू झोपेत पाय हलवत होता. वलीला वाटत होतं, यांच्यापैकी कुणीतरी उठावं आणि आपल्याला दोन शिव्या द्याव्यात. त्याला त्या हव्या होत्या.

"मंचरला ट्रॅफिक नव्हतं," ऋषी म्हणाला. तो शेरूच्या कानाकडे बघत होता. "साडेबाराला अंगठ्या घालून झाल्या. सगळे म्हणाले, थांब, किती दिवसांनी आलास. मी म्हटलं, ए.सी. चालू आहे."

गोरखने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग हातातली काटी खाली ठेवली, बाजूचा दगड झाडून काढला आणि वलीला बसायला जागा केली.